दलाली कशाची: खरेदीखताची की फेरफाराची?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात घर, प्लॉट नाहीतर शेतजमीन घ्यायला निघालेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती एजंटाशी. वकील, तलाठी, मोजणीदार, दुय्यम निबंधक हे सगळे नंतर येतात, आणि ते येतात तोवर विसार देऊन झालेला असतो. विकणाऱ्या शेतकऱ्याचेही तेच. विकायची की नाही, आता की दोन वर्षांनी, कोणाला आणि किती भावाने, हे तो चावडीवर विचारत नाही. जो गिऱ्हाईक आणतो त्यालाच विचारतो. म्हणजे आयुष्यभराची पुंजी ज्याच्या भरवशावर लागते, तो सल्ला अशा माणसाकडून येतो ज्याला ‘हा व्यवहार करू नका’ असे सांगितल्याचा एक रुपयाही मिळत नाही. खरेदीखतावर सह्या आणि अंगठे झाले की दोन्ही बाजूंची दलाली हातात पडते. पुढे नोंद अडली, हरकत आली, वनखात्याची नोटीस निघाली, तर ते घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने निस्तरायचे. यात एजंटांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. गावोगाव असे मध्यस्थ आहेत की ज्यांना तीन पिढ्यांचे बांध, वाटण्या आणि भाऊबंदकी तोंडपाठ असते, आणि ती माहिती कोणत्याही कचेरीत मिळत नाही. प्रश्न पैसे कधी आणि कशाबद्दल मिळतात याचा आहे. म्हणून माझे म्हणणे असे की या दोन तालुक्यांत दलाली खरेदीखताच्या दिवशी देऊच नये. फेरफार प्रमाणित होऊन सातबाऱ्यावर घेणाऱ्याचे नाव चढले की मग द्यावी, आणि तशी अट विसाराआधीच कागदावर घ्यावी. असे का म्हणायचे, हे इथल्या जमिनीचा कागद उलगडल्याशिवाय कळणार नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याकडे सात तालुके उरले. भिवंडी, कल्याण, अंबरनाथमध्येही अजून खेडी आहेत, पण जंगल, धरणे, आदिवासी पाडे आणि सह्याद्रीची कडा हे सगळे एकत्र शहापूर-मुरबाडमध्येच भेटते. शहापुरातून कसाऱ्याची लोकल जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशने म्हणजे आजच्या बाजाराची नाकी. मुंबई-नाशिक महामार्ग तिथूनच जातो, आणि आता समृद्धी महामार्गही. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि खुटघरचा इंटरचेंज प्रत्येक जाहिरातीत आला. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता, औद्योगिक वसाहत, बारवी धरण, आणि वर्षानुवर्षे चर्चेत असलेला कल्याण-मुरबाड रेल्वेमार्ग यांच्या आधाराने तिथला भाव बोलला जातो. ‘प्रकल्प येतोय’ हे इथल्या एजंटाचे पहिले वाक्य असते. त्यात खोटे काही नसले तरी ते घेणाऱ्याच्या कामाचे नाही. रस्ता तालुक्यात येतो. तुमच्या गटाला तो टेकेल, त्याच्या मधूनच जाईल की चार किलोमीटरवरून निघून जाईल, हे घोषणेत लिहिलेले नसते. धावणाऱ्या लोकलसाठी जास्त पैसे मोजावेत. नकाशावरच्या रेल्वेसाठी मोजू नयेत.

या बाजाराचा एक भाग मात्र बऱ्यापैकी बांधला गेला आहे, तो म्हणजे स्टेशनांजवळच्या नव्या इमारतींचा. डोंबिवलीत किंवा कळव्यात भाड्याने राहणारे कुटुंब जेव्हा आसनगावला वन बीएचके बघायला जाते, तेव्हा त्याच्या पाठीशी २०१६ चा रेरा कायदा असतो. त्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. विक्रीसाठी पाडलेल्या प्लॉटच्या लेआउटलाही हेच लागू आहे. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. एजंटाचीही नोंदणी लागते, आणि २०२३ पासून महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. अनोंदणीकृत प्रकल्पाची विक्री करून देणे हा एजंटाचा स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्यामुळे इथला सल्ला थोडक्यात सांगता येतो: प्रकल्पाचा आणि एजंटाचा महारेरा क्रमांक स्वतः संकेतस्थळावर टाकून बघा, इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ या वाक्यावर थांबू नका. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बहुमजली इमारतीची बांधकाम परवानगी नव्हे. घरपट्टीचा नमुना आठ हाही मालकीचा पुरावा नव्हे. तो कर कोण भरतो एवढेच सांगतो. गावठाणातले जुने घर घेताना म्हणूनच अडचण होते, कारण गावठाणाला सातबारा नसतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन जिथे मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत, तिथे ती पत्रिका बघावी; जिथे मिळाल्या नाहीत, तिथे घर घेण्याची घाई करू नये.

पण या दोन तालुक्यांतले खरे नुकसान फ्लॅटमध्ये होत नाही. ते होते शेतजमिनीत, फार्महाऊसच्या नावाने विकलेल्या तुकड्यात, वरकस माळावर दोऱ्या आणि चुन्याने आखलेल्या ‘प्लॉटिंग’मध्ये. आणि तिथे प्रत्यक्षात रेरा पोचत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातल्या एका फ्लॅटची दलाली करायला परीक्षा द्यावी लागते; चाळीस एकर शेतजमिनीची करायला काहीच लागत नाही. पहिल्या व्यवहारात आधीच मंजूर आराखडा असतो, दुसऱ्यात पन्नास वर्षांचे गुंते. जिथे धोका जास्त तिथेच सल्लागारावर बंधन कमी, अशी ही उलटी रचना आहे.

त्या गुंत्याचा कागद म्हणजे सातबारा. तो जवळून वाचायला हवा, कारण बहुतेक लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. वर भूधारणा पद्धती लिहिलेली असते: भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन हलत नाही. खाली खातेदारांची नावे असतात. कंसात टाकलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे दिसतात. ती म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा वारल्यावर थोरल्या मुलाचे नाव तेवढे लागले, बाकीचे भाऊ घरात होते म्हणून कोणी नोंद केली नाही, आणि आज सातबाऱ्यावर एकच माणूस मालक दिसतो. त्याच्या मागे चार भावांचे वंशज आहेत आणि बहिणीही आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला मुलाइतका हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. तरीही ‘बहिणींचे काही नाही, त्या सही करतील’ हे वाक्य गावात आजही सर्रास ऐकू येते. करतीलही. पण मग ती सही नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर आधी हवी, विसारानंतर नको. सातबाऱ्याच्या उजव्या बाजूला ‘इतर हक्क’ असतात, आणि तिथेच बहुतेक व्यवहारांचे भवितव्य लिहिलेले असते: कुळाचे नाव, विकास सोसायटीचा बोजा, कुळ कायद्याच्या कलम ४३ चे बंधन, आदिवासी खातेदाराचा शेरा, वनाचा शेरा. कुळ कायद्याने मिळालेल्या जमिनीबाबत २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली आहे. त्याच कायद्याच्या कलम ३२ म चे खरेदी प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. पण ते प्रमाणपत्र आहे का, हे आधी विचारावे लागते. प्रत्येक नोंदीखाली फेरफार क्रमांक असतो. ते जुने फेरफार, कधी मोडीतलेही, तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून क्रमाने लावले की जमिनीची कहाणी समोर येते. ज्या एजंटाने हे फेरफार न काढताच भाव सांगितला, त्याने सल्ला दिलेला नाही, फक्त किंमत सांगितली आहे.

शहापूर आणि मुरबाडमध्ये यावर आणखी एक थर आहे, जो पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या बहुतेक गावांत नसतो. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधली ७७ गावे १९८५ च्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची जमीन इथे सलग पसरलेली आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्याआधी राज्य शासनाची मान्यता. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमतीही हवी. वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा तर वारसाने जातो, विकताच येत नाही. हे माहीत असूनही ‘आपल्याच एका आदिवासी माणसाच्या नावावर घेऊ, ताबा तुमचा’ असा तोडगा सांगितला जातो. हा तोडगा म्हणजे बेनामी व्यवहार. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची शिक्षा आहे, आणि जमीन जाते ती वेगळीच. काहीजण म्हणतात की या बंधनामुळे आदिवासी शेतकऱ्यालाच बाजारभाव मिळत नाही, लग्नाला किंवा आजारपणाला त्याला जमिनीतून पैसा उभा करता येत नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण हा कायदा का आला ते आठवले पाहिजे. १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद करावी लागली, इतक्या जमिनी सावकारीत आणि दारूच्या उधारीत गेल्या होत्या. गरज कर्जाच्या सोयीची आहे. बंधन सैल करण्याची नाही. आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने तर उत्तर सरळ आहे: ३६अ चा शेरा असलेला गट आदेश हातात आल्याशिवाय बघायलाही जाऊ नये.

फार्महाऊसच्या प्लॉटचा किस्सा यापेक्षा साधा आणि जास्त पसरलेला आहे. मुंबईतल्या नोकरदाराला शनिवार-रविवारसाठी पाच-दहा गुंठे हवे असतात. महाराष्ट्रात बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, हे १९४८ च्या कुळ कायद्याच्या कलम ६३ ने सांगितले आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकू देत नाही. मग दोन वाटा सुचवल्या जातात. एक, कुठल्याशा दूरच्या तालुक्यातून ‘शेतकरी दाखला’ करून आणायचा. दुसरी, दहा-बारा जणांनी मिळून एकच गट घ्यायचा आणि सामायिक सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे लावायची. प्लॉट फक्त एजंटाच्या नकाशावर. पहिल्या वाटेत खोटा दाखला उघड झाला की व्यवहारच अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दुसऱ्या वाटेत तुमचा प्लॉट असा कुठे नसतोच. कायद्याच्या दृष्टीने तुमच्याकडे संपूर्ण गटातला अविभाज्य हिस्सा असतो, आणि बाराव्या माणसाने कर्ज बुडवले, भांडण काढले किंवा वाटप मागितले की सगळे बारा न्यायालयात उभे राहतात. ‘सरकार हे तुकडे नियमित करतेच’ असे यावर सांगितले जाते. सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत, आणि एके दिवशी तुकडेबंदीची चौकट आणखी सैल होईलही. पण जो कायदा बदलणार आहे म्हणून आज पैसे द्यायचे, तो बदलल्यावरच पैसे का देऊ नयेत? बदल झाल्यावर भाव वाढेल, असे उत्तर येते. वाढू दे. वाढलेल्या भावाचा कायदेशीर गुंठा स्वस्त पडतो, कारण तो पुढे विकता येतो.

कागदाइतकेच जागेवर जाणे महत्त्वाचे आहे, आणि इथे स्थानिक एजंटाला खरोखर तोड नाही. सातबाऱ्यावर ‘वरकस’ लिहिलेली जमीन प्रत्यक्षात झाडोऱ्याने भरलेली असेल तर १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ३५(३) ची नोटीस आणि १९७५ चा खाजगी वन संपादन कायदा यांचा शोध घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या गोदरेज निकालाने नुसती न बजावलेली जुनी नोटीस पुरेशी नाही असे ठरवले, तरी वनखात्याची नोंद सातबाऱ्यावर असेपर्यंत बँक कर्ज देत नाही आणि पुढचा घेणारा थांबतो. तानसा अभयारण्याची हद्द कुठे येते, हेही पाहावे. जमिनीत कातकरी वाडी उभी असेल, तर ती घरे सातबाऱ्यावर दिसत नाहीत म्हणून ती नाहीत असे होत नाही. राहत्या घराच्या जागेचा हक्क कायद्याने मानला आहे, आणि त्यापलीकडे माणुसकीचाही प्रश्न आहे. रस्ता विचारावा. बैलगाडी जाण्याइतकी वहिवाट आहे की दुसऱ्याच्या बांधावरून चालत जायचे आहे? जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडून बांधावरचा रस्ता मागता येतो, पण तो मिळेपर्यंत वर्ष जाते आणि शेजारी कायमचा दुरावतो. आणि पाणी. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे, भातसा आज शहराचा सगळ्यात मोठा आधार आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळा आला की टँकर फिरतो. डोंगर दिसतो, धरण दिसते, म्हणून पाणी आहे असे समजणारा घेणारा मे महिन्यात पस्तावतो. जागा एकदा तरी एप्रिल-मेमध्ये बघावी, विहिरीत वाकून बघावे, आणि शेजारच्या बाईला विचारावे की हंडा कुठून आणतेस. एजंट पावसाळ्यात हिरवे माळ दाखवायला आवडीने नेतो. मे महिन्यात नेणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

विकणाऱ्याबद्दल फार कमी लिहिले जाते. सगळा सावधगिरीचा सल्ला घेणाऱ्यासाठी असतो, कारण तो शहरात राहतो आणि वाचतो. पण व्यवहार फसला तर घेणाऱ्याची बचत जाते, विकणाऱ्याची जमीन जाते. इथली सगळ्यात रुळलेली पद्धत अशी: शेतकऱ्याला ‘तुझ्या हातात एवढे’ असा एक आकडा सांगायचा, साठेखत करून थोडे पैसे द्यायचे, वर्षभर जमीन अडवायची, आणि त्या काळात चार हातांतून फिरवून दुप्पट-तिप्पट भावाने शेवटच्या माणसाला द्यायची. मधली सगळी वाढ मधल्यांची. यात साठेखताबरोबर कुलमुखत्यारपत्रही घेतले जाते आणि शेतकऱ्याला वाटते की ते नुसते कचेरीच्या फेऱ्या वाचवण्यासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सांगितले आहे की कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही. पण तोवर त्याच्या आधाराने तिसऱ्याशी करार झालेले असतात आणि निस्तरायचे शेतकऱ्याला असते. म्हणून विकणाऱ्याने साठेखत नोंदणीकृतच करावे, त्यात मुदत घालावी, मुदत संपली की करार आपोआप रद्द असे लिहावे, आणि मुखत्यारपत्र देऊ नये. पैसे बँकेतून घ्यावेत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणे २०१५ पासून दंडाला पात्र आहे, आणि रोखीतली रक्कम भांडणात सिद्ध करणेही अवघड जाते. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण दहा हजारांवर लोकसंख्येच्या नगरपंचायतीच्या हद्दीत किंवा तिच्यापासून दोन किलोमीटरांच्या आतली जमीन या सवलतीत बसत नाही; हे विकल्यावर नव्हे, आधी सनदी लेखापालाला विचारावे. आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. कुटुंबाने शेवटचा गुंठाही विकला की ते कायद्याने शेतकरी राहत नाही, आणि मग मुलाला पुढे कधी जमीन घ्यायची झाली तर कलम ६३ त्याच्याच आड येते. समृद्धीसाठी सरकारने थेट खरेदीने जमिनी घेतल्या तेव्हा रेडी रेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. त्या पैशाचे काय करायचे हे सांगणारा मात्र गावात कोणी नव्हता. जमीन विकून देणारा एजंट हा प्रश्न विचारत नाही, कारण तो त्याच्या कामात धरलेला नाही. तो धरायला हवा.

आता मूळ मुद्द्याकडे. खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. त्याचे काम दस्त नोंदवण्याचे आहे. नोंदणी झाली की ई-फेरफारातून नोंद तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, किमान पंधरा दिवस हरकतीला मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित किंवा नामंजूर करतो. ३६अ, कलम ४३, कलम ६३, तुकडेबंदी, वगळलेला वारस हे सगळे इथे बाहेर येते. म्हणून दलाली इथे बांधावी. एजंटाचा पैसा फेरफारावर अवलंबून असला की तो पहिल्या भेटीतच इतर हक्काचा रकाना वाचेल, बहिणींच्या सह्या आधी मागेल आणि जिथे नोंद होणारच नाही तिथला व्यवहार स्वतःच सोडून देईल. ‘नाही’ म्हणण्याची किंमत त्याला पहिल्यांदाच कळेल.

यावर येणारे आक्षेप वजनदार आहेत. पहिला, फेरफार म्हणजे मालकी नव्हे. न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे की महसुली नोंद सारा वसुलीसाठी असते. बरोबर आहे. फेरफार झाला तरी दिवाणी दावा येऊ शकतो, म्हणून तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यायलाच हवा. पण इथले बहुतेक व्यवहार मालकीच्या सूक्ष्म वादावर नव्हे, या ढोबळ बंधनांवर आपटतात, आणि ती फेरफाराच्या पायरीवर दिसतात. शोध अहवाल नोंदलेले दस्त वाचतो. न नोंदलेली वाटणी, कातकरी वाडी, आटलेली विहीर तो वाचत नाही. दुसरा आक्षेप एजंटांच्या बाजूचा: हे काम करणारी बरीच मुले गावातलीच आहेत, मोटारसायकलवर पेट्रोल घालून महिनोन्‌महिने माणसे फिरवतात, त्यांनी किती थांबायचे? हा आक्षेप मला पटतो. म्हणून जागा दाखवणे, सातबारा, फेरफार, नकाशा, मोजणीचा अर्ज यासाठी ठरावीक मेहनताना आधीच द्यावा, व्यवहार होवो वा न होवो. टक्केवारी तेवढी नंतर. कष्टाचे पैसे आणि निकालाचे पैसे वेगळे केले की एजंटावरही अन्याय होत नाही. तिसरा आक्षेप असा की नोंद कचेरीतच रखडते, त्यात एजंटाचा दोष काय. त्यासाठी करारात एक तारीख घालता येते: हरकत नसताना अमुक महिन्यांत नोंद झाली नाही तर निम्मी दलाली द्यावी. चौथा आक्षेप म्हणजे इतके केले तर गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटाकडे जाईल. काही जातील. जे जातील त्यांचीच प्रकरणे उद्या प्रांताधिकाऱ्यांपुढे हरकतीत दिसतील, आणि थांबणाऱ्या एजंटाचे नाव तालुक्यात होईल. इथला बाजार लहान आहे, नाव पसरायला वेळ लागत नाही. शासनाने रेरातल्या एजंटांची परीक्षा आणि नोंदणी शेतजमिनीच्या मध्यस्थांनाही लागू करावी, ही मागणी योग्य आहे आणि ती लावून धरली पाहिजे. पण तोवर थांबण्याची गरज नाही. दोन माणसांमधला करार कायद्याची वाट बघत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज पंधरा रुपयांना घरबसल्या मिळतो. विसाराची पावती लिहिण्याआधी तो स्वतः काढा, मोजणीची तारीख घ्या, इतर हक्काचा रकाना एजंटासमोर वाचा, आणि दलाली फेरफारानंतर देण्याची अट त्याच बैठकीत दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. जो एजंट सही करायला तयार होईल, त्याच्याबरोबरच पुढे जा.